संसदगृहाचें रक्षण आणि मंत्र्यांची जबाबदारी

एखाद्या मोठ्या वाड्यांत चोरी झाली, म्हणजे पहिला सवाल देवडीवरच्या पहारेकऱ्याला होतो. तो झोंपला होता कीं काय, दिंडी उघडी कोणीं टाकली, अडसर कां घातला नव्हता, ह्याची चौकशी सुरू होते आणि बहुधा सायंकाळच्या आंत त्याची नोकरी जाते. परंतु दिंडीची कडी मोडली असल्याचें त्यानें पूर्वीं कोणाला सांगितलें होतें काय, सांगितलें असल्यास सुतार कां बोलावला गेला नाहीं, आणि चाव्या वांटून देणारा कारभारी त्या वेळीं काय करीत होता, हा दुसरा सवाल क्वचितच होतो. खाजगी वाड्यापुरती ही गोष्ट धन्याच्या मर्जीची आहे. परंतु वाडा जेव्हां साऱ्या राष्ट्राचा असतो व कारभारी लोकांच्या मतांवर नेमलेला असतो, तेव्हां तो दुसरा सवाल टाळून चालत नाहीं. तो विचारणें आणि त्याचें सरळ उत्तर मिळविणें, ह्यालाच राजकीय जबाबदारी म्हणतात.

भारताच्या संसदगृहाच्या इतिहासांत ह्या दृष्टीनें तीन प्रसंग विशेष लक्षांत घेण्यासारखे आहेत. पहिला १९२९ सालचा, दुसरा २००१ सालचा व तिसरा २०२३ सालचा. तिन्ही वेळीं पहारा भेदणाऱ्यांचे हेतु अगदीं निरनिराळे होते; त्यांना एका मापानें मोजणें मोठ्या अन्यायाचें होईल. परंतु प्रत्येक वेळीं मागें उरलेला प्रश्न मात्र एकच होता. ह्या घराच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची, आणि त्यांत उणें पडल्यास जाब कोणीं द्यावयाचा?

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं 'जबाबदारी' ह्या शब्दाचीच थोडी फोड करणें अवश्य आहे. कारण पुष्कळसा वाद त्याच्या संदिग्धपणांतून उत्पन्न होतो. व्यवहारांत तो शब्द तीन अर्थांनीं वापरला जातो. पहिला अर्थ दोषाचा. ज्यानें खूण नीट न पाहतां मोटार आंत सोडली, त्याचा दोष. तो खात्याच्या चौकशीनें किंवा न्यायालयानें ठरवावयाचा. दुसरा अर्थ जाब देण्याचा. मंत्री स्वतः फाटकावर उभा नसतो हें खरें. परंतु फाटकावरचें खातें त्याच्या हुकमाखालीं चालतें, त्याचा खर्च तो मंजूर करून घेतो, व त्याचे वरिष्ठ अधिकारी त्याच्या संमतीनें नेमले जातात. म्हणून काय घडलें, कां घडलें आणि पुढें काय करणार, हें सभागृहांत उभें राहून सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानें मंत्रिमंडळाला लोकसभेशीं सामुदायिक रीतीनें जबाबदार केलें आहे, त्याचा अर्थ हाच. तिसरा अर्थ पद सोडण्याचा. हें नीतीचें प्रायश्चित्त होय. तें कायदा सांगत नाहीं, संकेत सांगतो.

दोष एकाचा व प्रायश्चित्त दुसऱ्याचें असें कां असावें, अशी शंका कोणालाही येईल. तिचें उत्तर १९५६ सालच्या एका घटनेंत सांपडतें. त्या वर्षीं महबूबनगरजवळ रेल्वेचा पूल कोसळून शंभरांवर माणसें दगावलीं. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री ह्यांनीं राजीनामा देऊं केला. पंडित नेहरूंनीं तो स्वीकारला नाहीं. नोव्हेंबर महिन्यांत अरियलूर येथें पुन्हां भीषण अपघात झाला व शास्त्रींनीं पुन्हां राजीनामा पाठविला. ह्या वेळीं तो स्वीकारतांना पंतप्रधानांनीं लोकसभेंत स्पष्ट केलें, कीं शास्त्री अपघाताला कारण आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा दाखला घालून द्यावा म्हणून तो स्वीकारण्यांत येत आहे. रूळ मंत्र्यानें उखडले नव्हते. परंतु खातें ज्याच्या नांवानें चालतें, त्यानें खात्याच्या अपयशापासून अंग झाडून मोकळें होऊं नये, असा त्या कृतीचा आशय होता.

आतां संसदगृहाकडे वळूं. ८ एप्रिल १९२९ रोजीं दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळांत भगतसिंग व बटुकेश्वर दत्त ह्यांनीं प्रेक्षकांच्या सज्जांतून दोन बाँब टाकले. कोणाचा प्राण घेण्याचा त्यांचा हेतु नव्हता. बाँब मोकळ्या जागेकडे टाकलेले होते. पत्रकें उधळून ते तेथेंच उभे राहिले व पोलिसांच्या स्वाधीन झाले. कांहीं सभासदांना किरकोळ इजा झाली. त्या दोघां तरुणांचें पुढें काय झालें, हें घरोघर ठाऊक आहे. परंतु सभागृहाच्या पहाऱ्याचें पुढें काय झालें, हें फारसें कोणास ठाऊक नाहीं, आणि प्रस्तुत विषयाचें मूळ नेमकें तेथेंच आहे.

त्या वेळीं अध्यक्षपदीं विठ्ठलभाई पटेल होते. सभागृहांत पोलिसांचा पहारा आपल्या हातीं असावा, अशी सरकारची इच्छा होती. उलट, सभागृहाच्या भिंतींच्या आंत अध्यक्षाचाच हुकूम चालला पाहिजे, असा विठ्ठलभाईंचा आग्रह होता. सप्टेंबर १९२९ मध्यें सरकारचे गृहमंत्री सर जेम्स क्रेरर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली आणि तिच्या शिफारशीवरून कायदेमंडळाच्या स्वतःच्या द्वारपालांचें व निरोप्यांचें एक लहानसें पथक उभें राहिलें. तरीही तंटा मिटला नाहीं. १९३० च्या आरंभीं अध्यक्षांच्या संमतीवांचून सज्जांत पोलीस ठेवले गेले, तेव्हां विठ्ठलभाईंनीं प्रेक्षकांचे सज्जेच बंद करविले. अखेर सरकारला तडजोड करावी लागली व सभागृहाच्या आंतील व्यवस्था अध्यक्षांच्या अधिकारांत आहे, हें तत्त्व रूढ झालें. 'वॉच अँड वॉर्ड' ह्या नांवानें ओळखलें जाणारें तें पथक पुढें वाढत गेलें आणि २००९ सालीं त्याला 'संसद सुरक्षा सेवा' असें नांव मिळालें.

विठ्ठलभाईंच्या ह्या आग्रहाचें मर्म समजून घेतलें पाहिजे. त्या काळचें सरकार लोकांनीं निवडलेलें नव्हतें व कायदेमंडळाला जबाबदारही नव्हतें. अशा सरकारचे शिपाई लोकप्रतिनिधींच्या डोक्यावर सज्जांत उभे राहिले असते, तर रक्षण कोणतें व पाळत कोणती, हें ओळखणें कठीण झालें असतें. म्हणून सभागृहाचा पहारा सभागृहाच्या हातीं, ही मागणी वास्तविक स्वातंत्र्याची मागणी होती. पहाऱ्याची किल्ली सरकारच्या कमरेची काढून ती अध्यक्षांच्या कमरेला लावण्यांत आली. परंतु स्वराज्य आल्यावर सरकार सभागृहाला जबाबदार झालें आणि जुन्या व्यवस्थेचा अर्थ नकळत बदलला. तो कसा, हें पुढील दोन प्रसंगांवरून दिसेल.

१३ डिसेंबर २००१ रोजीं पांच सशस्त्र दहशतवादी पांढऱ्या अँबेसेडर मोटारींतून संसदेच्या आवारांत शिरले. मोटारीवर गृहखात्याची बनावट चिठ्ठी व वर लाल दिवा होता. त्या दोन खुणांपुढें बाहेरचें फाटक उघडलें. दोन्ही सभागृहें सुमारें चाळीस मिनिटांपूर्वींच तहकूब झालीं होतीं, परंतु अनेक मंत्री व सदस्य इमारतींतच होते. घाईघाईनें वळतांना ती मोटार उपराष्ट्रपति कृष्णकांत ह्यांच्या ताफ्यांतील गाडीवर आदळली आणि बिंग फुटलें. मध्यवर्ती राखीव पोलीस दलाच्या शिपाई कमलेश कुमारी ह्यांच्या हातांत शस्त्र नव्हतें. तरी त्यांनीं धांव घेऊन इशारा दिला व प्राण गमावला. संसदेच्या स्वतःच्या पथकांतील जगदीशप्रसाद यादव व मातबरसिंग नेगी हेही कामीं आले. इमारतीचीं दारें वेळींच बंद झालीं म्हणून हल्लेखोर आंत पोहोंचूं शकले नाहींत. पांचही जण आवारांतच मारले गेले. पोलीस, पहारेकरी व एक माळी मिळून नऊ जण त्या दिवशीं मृत्युमुखीं पडले. वर ज्यांचीं नांवें सांगितलीं, त्या तिघांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें.

येथें पहारा किती हातांत विभागलेला होता, हें ध्यानांत घ्यावें. बाहेर दिल्ली पोलीस, सोबत राखीव पोलीस दल, आणि इमारतीच्या दाराशीं संसदेचें स्वतःचें पथक. पहिलीं दोन दलें केंद्रीय गृहखात्याच्या हाताखालचीं. दिल्लीचे पोलीस स्थानिक सरकारच्या नव्हे, तर केंद्राच्याच अधिकारांत आहेत. तिसरें पथक मात्र अध्यक्षांचें व सभापतींचें. गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी ह्यांनीं ह्या प्रकरणीं राजीनामा दिला नाहीं. परंतु १८ डिसेंबर रोजीं त्यांनीं लोकसभेंत उभें राहून घटनेचें सविस्तर निवेदन केलें व सभागृहानें त्यावर चर्चा केली. म्हणजे वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकीं तिसरा अर्थ पाळला गेला नाहीं, परंतु दुसरा पाळला गेला. निवेदन पुरेसें होतें कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद होऊं शकेल; निवेदन झालें ह्याविषयीं होणार नाहीं.

ह्याच्या नेमका उलट प्रकार मुंबईनें पाहिला. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं सुरू झालेल्या हल्ल्यांत १६६ माणसें बळी पडलीं. ती सरकारी इमारतीची गोष्ट नव्हती, तरी राजकीय जबाबदारीचा तो मोठा धडा आहे. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील ह्यांनीं ३० नोव्हेंबर रोजीं पद सोडलें. राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील ह्यांनीं दुसऱ्याच दिवशीं राजीनामा दिला, आणि कांहीं दिवसांतच मुख्यमंत्री विलासराव देशमुख हेही गेले. आठवडा-दीड आठवड्याच्या आंत तीन मोठीं पदें रिकामीं झालीं. महाराष्ट्रांतील जनतेला तें योग्यच वाटलें. परंतु राज्य सरकारनें नेमलेल्या प्रधान समितीचा अहवाल विधिमंडळापुढें ठेवण्यास मात्र बरेच महिने लागले. दरम्यान २००९ सालीं विलासराव केंद्रांत मंत्री झाले, आर. आर. पाटील पुन्हां राज्याचे गृहमंत्री झाले, आणि शिवराज पाटील २०१० च्या आरंभीं पंजाबचे राज्यपाल झाले. येथें प्रायश्चित्त लवकर झालें, पण जाब उशिरां आला. राजीनाम्यानें लोकांचा संताप शमतो; परंतु संताप शमला म्हणजे उत्तर मिळालेंच असें नव्हे. कित्येकदां राजीनामा हाच उत्तर न देण्याचा सोईस्कर मार्ग होऊन बसतो.

तिसरा प्रसंग १३ डिसेंबर २०२३ चा. २००१ च्या हल्ल्याला त्याच दिवशीं बावीस वर्षें पूर्ण होत होतीं आणि सकाळींच हुतात्म्यांना आदरांजलि वाहिली गेली होती. संसदेची नवी इमारत त्याच वर्षीं मे महिन्यांत खुली झाली होती. दुपारीं एकच्या सुमारास लोकसभेचें काम चालू असतां दोन तरुणांनीं प्रेक्षकांच्या सज्जांतून खालीं उड्या घेतल्या आणि बुटांत दडविलेलीं नळकांडीं फोडून सभागृहांत पिवळा धूर पसरविला. त्यांना सदस्यांनीं व पहारेकऱ्यांनीं मिळून धरलें. त्याच सुमारास बाहेर रस्त्यावर एका तरुणानें व एका तरुणीनें तसाच धूर सोडून घोषणा दिल्या. जीवितहानि झाली नाहीं. परंतु धुराच्या जागीं दुसरें कांहीं असतें तर काय झालें असतें, ह्या विचारानें देश हादरला.

चूक कोठें झाली, हें शोधण्यास फार खोल जावें लागत नव्हतें. आंत शिरलेल्यांना सज्जाचे परवाने मिळाले होते ते म्हैसूरच्या एका सत्ताधारी सदस्याच्या शिफारशीवर. आणि शिफारस करणारा सदस्य पाहुण्याला आपण ओळखतों असें लिहून देत असतो. तपासणींत बुटांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. नव्या सभागृहांत सज्जाची उंची उडी घेतां येण्याजोगी होती. संसदेच्या सुरक्षेचें सर्वोच्च पद, म्हणजे सुरक्षेच्या संयुक्त सचिवाचें, त्या वेळीं रिकामें होतें. ह्यांपैकीं पहिल्या गोष्टीचा संबंध सदस्याशीं, दुसरीचा पहारेकऱ्याशीं, तिसरीचा इमारत आंखणारांशीं व बांधून घेणारांशीं, आणि चौथीचा नेमणुका करणारांशीं. परंतु दुसऱ्या दिवशीं निलंबित झाले ते लोकसभा सचिवालयाचे आठ कर्मचारी. देवडीवरच्या पहारेकऱ्याची गोष्ट येथें पुन्हां आठवते.

विरोधी पक्षांनीं गृहमंत्री अमित शहा ह्यांनीं सभागृहांत निवेदन करावें, अशी मागणी केली. त्यावर, संसदेच्या आवारांतील सुरक्षा ही लोकसभा सचिवालयाची बाब आहे व तिच्याविषयीं अध्यक्ष निर्णय घेतील, अशी भूमिका अध्यक्ष ओम बिर्ला व सरकार ह्यांनीं मांडली. ही भूमिका निराधार होती असें म्हणतां येत नाहीं. तिच्यामागें विठ्ठलभाईंनीं लढून मिळविलेलें तत्त्व उभें होतें. सज्जांतून उडी घेण्याचे वा पत्रकें फेंकण्याचे प्रकार पूर्वीं घडले, तेव्हां ते सभागृहानें आपल्याच अधिकारांत मिटविले होते, हाही दाखला होता. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी होती. आवारांतील राखीव पोलीस दल गृहखात्याचें, दिल्ली पोलीस गृहखात्याचे, गुन्ह्याचा तपास करणारे तेच, आणि चुकांची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली तीही गृहखात्यानेंच. तेव्हां चौकशीचा अधिकार ज्याच्याकडे होता, उत्तराचा भार त्याच्याकडे नव्हता असें कसें म्हणावें?

ह्या वादांत सभागृहाची जी अवस्था झाली, ती शोचनीय होती. विरोधकांनीं फलक घेऊन मध्यभागीं धांव घेतली, कामकाज बंद पाडलें. सत्ताधाऱ्यांनीं बेशिस्तीच्या कारणास्तव त्यांना निलंबित केलें. अधिवेशन संपेपर्यंत लोकसभेचे १०० व राज्यसभेचे ४६ मिळून १४६ सदस्य बाहेर गेले होते. त्याच दिवसांत देशाचे तीन नवे फौजदारी कायदे बहुतेक रिकाम्या विरोधी बांकांपुढें संमत झाले. दरम्यान पंतप्रधान वृत्तपत्राच्या मुलाखतींत ह्या घटनेविषयीं बोलले. गृहमंत्रीही सभागृहाबाहेर बोलले. म्हणजे सरकारला सांगावयाचें नव्हतें असें नाहीं. जेथें सांगणें बंधनकारक होतें, तेथें मात्र तें सांगितलें गेलें नाहीं. सभागृहाच्या स्वातंत्र्यासाठीं उभारलेली भिंत सभागृहालाच उत्तर न देण्याच्या कामीं आली. इतिहासाचा हा मोठा चमत्कारिक फेरा म्हटला पाहिजे.

असले पेंच इतरत्रही पडतात. ६ जानेवारी २०२१ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या इमारतींत जमाव घुसला व अध्यक्षीय निवडणुकीच्या मतगणनेचें काम तासन् तास थांबलें. तेथें इमारतीचें पोलीस दल कायदेमंडळाचें स्वतःचें आहे आणि त्यावर एक मंडळ देखरेख करतें. मदतीला 'नॅशनल गार्ड' बोलवावयाचें तर दलाच्या प्रमुखाला त्या मंडळाची संमति लागे. आणि राजधानींतील तें सैन्य अखेर राष्ट्राध्यक्षांच्या व संरक्षण खात्याच्या हुकमांत. परवानग्यांची ही उतरंड लागेपर्यंत दुपार संपून सायंकाळ झाली. एक-दोन दिवसांतच पोलीसप्रमुख व दोन्ही सभागृहांचे सुरक्षाधिकारी ह्यांनीं पदें सोडण्याचें जाहीर केलें. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांच्यावर प्रतिनिधिगृहानें जमावाला चिथावणी दिल्याचा महाभियोग आणला. सिनेटमध्यें ५७ मतें विरुद्ध व ४३ मतें बाजूनें पडलीं, आणि दोन तृतीयांश न भरल्यामुळें ते निर्दोष सुटले. मात्र दोन गोष्टी तेथें घडल्या, त्या घेण्यासारख्या आहेत. पहिली, कायदेमंडळाच्या समित्यांनीं उघड साक्षी घेऊन विस्तृत अहवाल प्रसिद्ध केले. दुसरी, त्याच वर्षाअखेर कायदा बदलून आणीबाणींत स्वतःच मदत मागण्याचा अधिकार पोलीसप्रमुखाला दिला. राजकीय दोषाविषयीं तो देश आजही दुभंगलेला आहे; पण मदत कोणीं मागावयाची, हा घोळ तरी मिटला.

भारतांतही मे २०२४ पासून संसदेच्या आवाराचा पहारा प्रामुख्यानें केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविण्यांत आला आहे. हें दल गृहखात्याचें आहे. एकाच हातीं पहारा असावा, ही गोष्ट व्यवस्थेच्या दृष्टीनें हितकर आहे. अनेक किल्ल्या अनेकांच्या कमरेला असल्या, म्हणजे दार उघडें राहिल्याचा दोष कोणावरच बसत नाहीं. परंतु विठ्ठलभाईंनीं सरकारच्या कमरेची काढून घेतलेली किल्ली आतां बऱ्याच अंशीं तिकडे परत गेली आहे, हेंही विसरतां कामा नये. किल्ली गेली तर तिच्याबरोबर जाबही गेला पाहिजे. पुढें काहीं अनिष्ट घडलेंच, तर ही बाब सचिवालयाची, असें म्हणण्यास गृहमंत्र्याला जागा उरलेली नाहीं.

सुशिक्षित नागरिकानें अशा प्रसंगीं काय मागावें? राजीनाम्याची आरोळी ठोकणें सोपें आहे, आणि प्रत्येक चुकीला मंत्र्याचें पद मागणें न्यायाचेंही नाहीं. प्रथम तीन प्रश्नांचीं उत्तरें मागावींत. ह्या उणिवेची सूचना पूर्वीं कोणी दिली होती काय? दिली असल्यास ती कोणाच्या मेजापर्यंत पोहोंचली? आणि तेथें ती कां थांबली? ह्या तीन पायऱ्या चढून गेल्यावर ज्याचें दार लागेल, त्याची जबाबदारी. तें दार शिपायाचें असेल तर शिपायाला शिक्षा व्हावी. मंत्र्याचें असेल तर मंत्र्यानें जावें. आणि उत्तर मिळेपर्यंत तें सभागृहांतच मागितलें जावें, कारण वृत्तपत्रांतल्या मुलाखतींत उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधीला नसतो.

आणखी एक सावधगिरी ठेवली पाहिजे. जाब देण्यापेक्षां दारें लावून घेणें राज्यकर्त्यांना नेहमींच सुलभ वाटतें. प्रत्येक प्रसंगानंतर भिंत उंच होते, काचा लागतात, सज्जे बंद होतात, वार्ताहरांना अडविलें जातें. कांहीं बंदोबस्त अवश्यच आहे. परंतु सज्जांत बसून आपल्या प्रतिनिधीचें भाषण ऐकणारा शाळकरी मुलगा हा संसदेचा शत्रु नव्हे; तिचा धनी आहे. चार जणांच्या अपराधासाठीं त्याला बाहेर ठेवणें म्हणजे चोराला सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

२००१ सालीं कमलेश कुमारींनीं फाटकाकडे धांव घेतली, तेव्हां आपला हुद्दा केवढा, हातांत शस्त्र आहे कीं नाहीं, ही बाब आपल्या खात्याची कीं दुसऱ्याच्या, हें विचारीत त्या थांबल्या नाहींत. राष्ट्राच्या घरावर संकट आलें असतां सर्वांत खालच्या पायरीवरच्या सेविकेनें जी जबाबदारी न मागतां उचलली, ती सर्वांत वरच्या पायरीवरच्या सेवकांनीं मागितल्यावर तरी उचलावी, एवढीच लोकांची अपेक्षा आहे.